आमची वाटचाल: आधी लोड, मग जनरेटर

आमचं काम जनरेटरपासून सुरू झालेलंच नाही. ते सुरू झालं मोटार वाइंडिंगच्या टेबलावर. जळालेली मोटार खोलायची, काळी पडलेली कॉइल काढायची, नव्या तारेचे वेढे मोजून घालायचे, व्हार्निश करून सुकवायचं. पहिली तीन वर्षं आम्ही दोघे भाऊ एवढंच करत होतो. काही मोटारी मात्र पुन्हा पुन्हा यायच्या. विचारलं की उत्तर ठरलेलं: "लाइट गेली होती, जनरेटरवर लावली होती."

एकदा आम्ही मुद्दाम असा जनरेटर चालू असताना बघायला गेलो. पंपाचं बटण दाबताच इंजिन दबलं, दिवे पिवळे पडले आणि मोटार न फिरता नुसती गुणगुणत राहिली. मीटरवर 230 चं व्होल्टेज 184 वर आलेलं. व्होल्टेज 20 टक्के उतरलं की मोटारीचा सुरू होतानाचा जोर 36 टक्क्यांनी घटतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अडकलेली मोटार करंट ओढत राहते आणि तो सगळा कॉइल तापवण्यात जातो. आमच्या टेबलावरची जळकी मोटार कुठून येते हे त्या दिवशी कळलं. जनरेटरच्या धंद्यात आम्ही उतरलो ते यामुळे.

उतरलो आणि पहिल्याच घरी चुकलो. यजमानांनी यादी दिली, आम्ही वॅट मिळवले: 1 एचपीचा पंप म्हणजे 746, फ्रिजचे 200, पंखे-दिव्यांचे 300. बेरीज साडेबाराशेच्या आत, म्हणून 2 केव्हीएचा सेट, म्हणजे जनरेटर, बसवला (केव्हीए हे त्याच्या क्षमतेचं माप). पंपाने तो पहिल्याच झटक्याला बंद पाडला. चूक सगळी आमची होती. 746 वॅट हे मोटार बाहेर देते ते काम. ती आत ओढते हजाराच्या वर. शिवाय थेट चालू होणारी मोटार पहिल्या क्षणी नेहमीच्या चार-सहा पट करंट घेते. आणि 2 केव्हीए म्हणजे 0.8 पॉवर फॅक्टरला (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामी येणारा हिस्सा) फक्त 1.6 किलोवॅट. सेट परत आणला, पैसे परत केले. त्यानंतर कॅटलॉग उघडून कुणालाही मशीन सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं.

आता आमचा माणूस घरी जातो तो तारेभोवती पकडून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन. मीटर साधा चालत नाही, चालू होतानाचा सर्वोच्च आकडा धरून ठेवणारा लागतो. फ्रिजच्या तारेला क्लॅम्प लावून कॉम्प्रेसर बंद होऊन पुन्हा चालू होईपर्यंत थांबावं लागतं. कधी वीस मिनिटं जातात. घरच्यांना वाटतं, हा नुसता उभा आहे. पण आमच्या कामात याहून मोलाची वीस मिनिटं नाहीत.

मीटर लागल्यावर आम्ही एकच प्रश्न विचारतो: लाइट गेल्यावर काय बंद पडलं तर खरंच अडतं? बहुतेक घरांत उत्तर छोटं निघतं. दिवे, पंखे, फ्रिज, पंप, इंटरनेटचा राउटर. गीझर आणि इस्त्री यादीतून काढायला लोक लगेच तयार होतात. एसीवर मात्र चर्चा होते. ती आम्ही मनापासून करतो, कारण एका एसीच्या कॉम्प्रेसरपायी सगळ्या सेटचं माप बदलतं. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, त्यामुळे त्याचा झटका नसतो. जुन्या एसीला सॉफ्ट स्टार्टर बसवला तर झटका बराच कमी होतो. मग क्रम ठरवतो: आधी सगळ्यात मोठी मोटार, ती स्थिरावली की बाकीचं. नुसत्या या क्रमाने कितीतरी घरांचं 5 केव्हीएमध्ये भागलं आहे, जिथे आधी कुणी 10 केव्हीए सांगितलं होतं. घेताना लेबलवरचा "मॅक्सिमम" आकडा सोडून द्यावा. तासन् तास चालवायचं असेल तर "रेटेड" किंवा "कंटिन्युअस" लिहिलेलाच खरा.

मोठं घेतलेलं बरं, असंही आम्ही एका काळी म्हणायचो. तेही अंगाशी आलं. एका कुटुंबाला "पुढेमागे लागेल" म्हणून दणकट डिझेल सेट दिला. त्यावर रोज चालायचे चार दिवे, दोन पंखे आणि एक फ्रिज. दीड-दोन वर्षांत सायलेन्सरमधून काळं तेलकट काहीतरी ठिबकायला लागलं. डिझेल इंजिन क्षमतेच्या 30 टक्क्यांच्या खाली सतत चाललं तर पुरेसं तापत नाही, इंधन पूर्ण जळत नाही आणि तो चिकटा आतच साचतो. इंजिन खोलून साफ करून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. आता सेट नेहमीच्या वापरात अर्ध्या ते पाऊण लोडवर राहील असंच माप काढतो.

इंधनाबद्दल थोडक्यात: क्वचित लागणारा, हलवता येणारा छोटा सेट पेट्रोलवर ठीक. मात्र पेट्रोल टाकीत महिनोन् महिने ठेवलं की शिळं होतं आणि कार्बोरेटरचं बारीक छिद्र बुजतं. "नवीन मशीन, तरी चालू होत नाही" या तक्रारींमध्ये आम्हाला सगळ्यात जास्त वेळा हेच सापडतं. वापर झाला की कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू द्यावं. लांब खंड होत असेल तर डिझेल. गॅसवर शिळं होण्याची भानगड नाही, पण तेच इंजिन गॅसवर थोडी कमी ताकद देतं, ते मापात धरावं लागतं.

दोन बाबतींत आम्ही ग्राहकाचं ऐकत नाही.

पहिली, जागा. एका गृहस्थांना सेट बंदिस्त बाल्कनीत हवा होता, पावसाने भिजू नये म्हणून. "खिडकी उघडी ठेवतो की," म्हणाले. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते. झोपलेला माणूस उठतच नाही. उघड्या खिडकीने तो अडत नाही. सेट घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान 6 मीटर लांब, धूर घरापासून उलट दिशेला, आणि पावसासाठी चारही बाजूंनी मोकळी शेड. एवढं बोलूनही ते ऐकेनात, तेव्हा आम्ही ऑर्डर सोडली. त्यांनी दुसरीकडून सेट घेतला. त्या घरावरून जाताना आजही माझी नजर आधी बाल्कनीकडे जाते.

दुसरी, चेंजओव्हर, म्हणजे घराला एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर सरळ भिंतीच्या सॉकेटला जोडणारे लोक आहेत. मेन स्विच चालू राहिला तर तीच वीज उलटी लाइनवर जाते, आणि डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर उलट्या बाजूने तिचं व्होल्टेज हजारांत नेतो. लाइन बंद आहे असं समजून कुणीतरी खांबावर चढलेलं असतं. माझे वडील लाइनमन होते. रात्रीच्या ड्युटीवरून ते घरी आले की आई आधी त्यांचे हात बघायची, मग पाणी द्यायची. चेंजओव्हर स्विच नसेल तर आम्ही सेट सुरू करून देत नाही, मग ग्राहक कितीही जवळचा असो.

आज आम्ही पाचजण आहोत. दर महिन्याला काही घरांतून आम्ही काही न विकता परत येतो, कारण जिथे तास-दोन तासच लाइट जाते आणि मोटार चालवायची नाही, तिथे बॅटरीवरचा इन्व्हर्टर पुरतो. आवाज नाही, धूर नाही. तेच सांगून निघतो.

एका घरी मात्र दोन्ही बसवलं. तिथल्या आजोबांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागतो. त्याचा लोड जेमतेम साडेतीनशे वॅट, पण खंड चालत नाही. लाइट गेली की तो आधी इन्व्हर्टरवर जातो, आणि जनरेटर चालू होऊन स्थिरावला की पुढचे तास त्याच्यावर. या सेटची चाचणी आजी स्वतः घेतात. महिन्याच्या एक तारखेला चावी फिरवतात, फोन लावून इंजिनापासून थोड्या अंतरावर धरतात आणि विचारतात, "ऐकतोयस ना?" मी ऐकत असतो. इंजिन एका सुरात चाललेलं असतं. मग फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू होतो, सूर क्षणभर खाली बसतो, गव्हर्नर इंधन वाढवतो आणि सूर पुन्हा जागेवर येतो. "ठीक आहे, आजी," मी सांगतो. तरी वीस मिनिटं झाल्याशिवाय त्या सेट बंद करत नाहीत.