बूटकाउंट शून्य कुणी करायचा?

मागच्या उन्हाळ्यात अंबडकडच्या एका मोसंबीच्या बागेतून फोन आला, "अरे तुझी ती हिरवी लाइट लागंना, नुसती लाल लुकलुक करायलीय, झाडं सुकायलीत." आमचा ठिबकचा कंट्रोलर, वाळूजला टेबलावर महिनाभर नीट चाललेला, आदल्या रात्रीच नवं अपडेट गेलेलं. गाडी काढली. स्टार्टरच्या पेटीत मोबाइलच्या टॉर्चवर सीरियल केबल लावली, 115200 च्या वेगानं कन्सोल (बोर्डाचे मेसेज दाखवणारी खिडकी) उघडला आणि बघतो तर कर्नल (लिनक्सचा गाभा) वर येतंय, सर्व्हिस (आमचं ॲप) सुरू होऊन क्रॅश होतेय, वॉचडॉग (सिस्टम अडकली की बोर्ड परत सुरू करणारा टायमर) रिसेट मारतोय, परत यू-बूट (कर्नलच्या आधी चालून त्याला लोड करणारा प्रोग्राम), परत तेच. मेमरीच्या शेजारच्या भागात, म्हणजे पार्टिशनवर, जुनं चांगलं फर्मवेअर (बोर्डातलं सॉफ्टवेअर) तसंच पडून होतं, तिकडं काही जाईना.

यू-बूटमध्ये सोय आहे की, दर बूटला बूटकाउंट (किती वेळा बूट झालं तो आकडा) एकनं वाढतो, बूटलिमिटच्या (आपण ठरवलेल्या मर्यादेच्या) पुढं गेला की बूटसीएमडी या नेहमीच्या कमांडच्या जागी अल्टबूटसीएमडी ही पर्यायी कमांड चालते. आमचं लिमिट 3, म्हणजे चौथ्या वेळी जुन्यावर जायला पाहिजे होतं. (काउंट एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे यू-बूटच्या साठवलेल्या सेटिंगमध्ये, ठेवत असाल तर अपग्रेड अव्हेलेबल हे सेटिंग 1 असलं तरच तो मोजला जातो, फ्लॅश झिजू नये म्हणून, ते आमचं बरोबर होतं.) चूक निघाली लिनक्स सुरू होताना चालणाऱ्या इनिट स्क्रिप्टमध्ये. रूट, म्हणजे मुख्य फाइल सिस्टम, माउंट झालं की लगेच आम्ही एफडब्ल्यू सेटएन्व्हनं (लिनक्समधून यू-बूटचं सेटिंग बदलणाऱ्या कमांडनं) काउंट शून्य करत होतो, मग तो एकच्या वर जाणार कसा!

आता शून्य आमचं ॲपच करतं, सेन्सर वाचले, व्हॉल्व्हनं उत्तर दिलं आणि पाच मिनिटं न पडता चाललं तरच. सर्व्हरशी बोलणं झालं पाहिजे ही अट मुद्दाम ठेवली नाही, कारण लाइट गेली की टॉवरपण जातो आणि मग चांगलं फर्मवेअर उगाच मागं फिरेल.

अजून एक, कर्नल सुरू करणारी बूटआयची कमांड परत आली म्हणजे ती फेलच झाली, चालली असती तर परत येतेच कशाला, म्हणून तिच्या पुढं काय करायचं ते लिहूनच ठेवा आणि शेवट रिसेटनं करा. प्रॉम्प्टवर थांबलं तर विहिरीवर टाइप करायला कोण बसलंय? बूटआर्ग्समध्ये (कर्नलला दिलेल्या सूचनांमध्ये) पॅनिक=5, म्हणजे पाच सेकंदांनी रिसेट, पण टाका, नाहीतर कर्नल पॅनिक झालं की डिफॉल्टनं तिथंच अडकून बसतं. एन्व्हायर्नमेंटच्या दोन कॉपी ठेवा, लिहिता लिहिता लाइट जातेच आपल्याकडं, आणि दोन्ही खराब झाल्या तर यू-बूट आत कंपाइल केलेलं डिफॉल्ट घेतं, त्यात हीच सगळी स्क्रिप्ट पाहिजे, हे आम्ही पहिल्यांदा विसरलोच होतो.

टेबलावर आता एक रिले लावलाय, तो अपडेट चालू असताना मधेच पॉवर तोडतो, आणि फर्मवेअरची एक इमेज ठेवलीय जिच्यात सर्व्हिस मुद्दाम पाडलीय. चौथ्या बूटला जुनं वर आलेलं डोळ्यानं बघितल्याशिवाय एकही पेटी गाडीत चढत नाही.