भंगारातले डिस्क ब्रेक, जुना ॲक्सल आणि खाली तोंड करून बसलेलं निप्पल

तीन संध्याकाळी आम्ही बापलेक ब्रेकच्या ऑइलमध्ये अडकलेली हवा काढत होतो. मुलगी सीटवर, मी मागच्या चाकापाशी निप्पलला (हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला) पाना लावून आडवा, "दाब... धर... सोड", आणि दर वेळी वरून तोच आवाज, "बाबा, पेडल अजून खालीच जातंय". बाटलीत एक बुडबुडा नाही, गळती कुठेच नाही, आणि पेडल मात्र स्पंजसारखं. मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा पंप) गेला असेल म्हणून तोही उतरवून बघितला. चूक काय होती ते पुढे सांगतो, कारण ती चूक हवा काढताना नाही तर त्याच्या दोन आठवडे आधी प्लेट बसवतानाच झाली होती.

मागचे ड्रम काढून डिस्क लावायचं डोक्यात कधीपासून होतं. ट्रक जुना, पिकअपच, मागे ड्रम, आणि पाण्याचिखलातून बाहेर आलं की पुढची काही मिनिटं मागच्या ब्रेकचा भरवसाच नाही, एक चाक धरणार आणि दुसरं नुसतं घासणार. लायनर ॲडजस्ट करून करून कंटाळलो. भंगारात अपघात झालेल्या एसयूव्हीचा डिस्कवाला ॲक्सल सापडला, तेव्हा म्हटलं आता बास. (असे ॲक्सल शोधणारे बरेच लोक आहेत, फोर्ड एक्सप्लोररला 1995 पासून मागे डिस्क आले आणि तिचा 8.8 इंची ॲक्सल म्हणून तर पटापट उचलला जातो.) पूर्ण ॲक्सल टाकायचा तर स्प्रिंगचे पाटे टेकायच्या बैठका, रुंदी, गियर रेशो सगळंच बदलतं, म्हणून मी फक्त ब्रेक काढून आणले.

आणताना कॅलिपरपेक्षा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापेक्षा) तो ज्यावर बसतो ती प्लेट नीट बघा. कॅलिपरचे सील किट मिळतात, स्लाइड पिन जाम असल्या तरी सुटतात, रोटर, म्हणजे फिरणारी डिस्क, तर नवीनच घ्यावा कारण कमीत कमी किती जाडी चालेल ते त्याच्यावरच कोरलेलं असतं आणि भंगारातला बहुतेक त्याच्या खालीच भरतो. पण ॲक्सल हाऊसिंगच्या टोकाला बोल्ट होणारी ती प्लेट वाकलेली किंवा गंजून पातळ झालेली असेल तर पुढचं सगळं वायाच.

माझ्या नशिबाने चारही बोल्टची भोकं जुळली. पण मधलं भोक साधारण 3 मिमी लहान निघालं, ते लेथवर वाढवून घेतलं. ड्रिलने किंवा ग्राइंडरने करू नका, कारण प्लेट हाऊसिंगच्या त्या गोल कडेवरच सेंटर होते, बोल्ट नुसते आवळून धरतात.

मग आलं खरं काम, कॅलिपर रोटरच्या बरोबर मध्ये आणायचा. ॲक्सल शाफ्ट जागेवर बसवून, रोटर दोन नटांनी आवळून, आतल्या आणि बाहेरच्या बाजूला ब्रॅकेटपासून रोटरपर्यंत व्हर्नियरने मोजलं. आत 12 मिमी, बाहेर 4. म्हणजे रोटर 4 मिमी बाहेर होता. कॅलिपर सरकता असतो म्हणून चालून जाईल असं मला कुणीतरी सांगितलं होतं, पण सरकतो तो कॅलिपर, पॅड ज्या खाचेत बसतात तो ब्रॅकेट जागचा हलत नाही. म्हणून प्लेट आणि हाऊसिंगच्या मध्ये 4 मिमीचा एकसंध स्टीलचा स्पेसर कापून घेतला आणि बोल्ट तेवढेच लांब, तेवढ्याच ताकदीचे. वॉशरच्या चळती लावून भागवलेलं मी बघितलंय, ब्रेकचा सगळा जोर त्या चार बोल्टवर येतो, तिथे असली कंजुषी करायची नसते. स्पेसर टाकल्यावर आणखी एक बघायचं, हँडब्रेकचे छोटे लायनर रोटरच्या टोपीच्या आत असतात, प्लेट सरकली की तेही सरकतात, ते आतून घासत नाहीत ना याची खात्री करा.

शाफ्ट धरून ठेवायला आमच्या ॲक्सलमध्ये सी-क्लिप (सी आकाराच्या कड्या) आहेत, म्हणजे डिफ्रन्शियलचं कव्हर उघडा, ऑइल सांडा, मधल्या पिनचा लॉक बोल्ट काढा, शाफ्ट आत ढकला, क्लिप पडते. तो लॉक बोल्ट अर्थातच तुटला आणि अख्खा दिवस त्यात गेला. उघडलंच आहे तर सील बदलून टाका, गियर ऑइल पॅडवर आलं तर डिस्क असो की ड्रम, सगळं सारखंच.

आता ती चूक. एसयूव्हीत कॅलिपर ॲक्सलच्या मागे होता. माझ्याकडे मागच्या बाजूला शॉकॲब्सॉर्बरचा ब्रॅकेट आडवा येत होता, म्हणून मी प्लेट जागच्या जागी अर्धा फेरा फिरवली आणि कॅलिपर ॲक्सलच्या पुढे आणला. भोकं जुळली, रिम घासत नव्हती, मी खूश. फक्त अर्धा फेरा फिरवला की कॅलिपर उलटाही होतो आणि वरचं निप्पल खाली येतं, आणि हवा तर कॅलिपरच्या वरच्या भागात अडकून बसते, ती खालच्या भोकातून कशाला येईल! तिसऱ्या संध्याकाळी आडवा पडल्या पडल्या लक्षात आलं की मला निप्पलला पाना इतका आरामात लागतोय हेच संशयास्पद आहे. आजवर कुठल्याही गाडीत ते असं हाताशी नव्हतं.

उपाय एकच, डावी प्लेट उजवीकडे आणि उजवी डावीकडे. तसं केलं की कॅलिपर पुढेच राहतो आणि निप्पल वर येतं. म्हणजे शाफ्ट परत बाहेर, सी-क्लिप परत बाहेर, नवं ओतलेलं गियर ऑइल परत डब्यात. पण त्यानंतर वीस मिनिटांत पेडल वरच्या वर कडक.

पाईपमध्येही एक फसवा प्रकार आहे. माझ्या जुन्या पाईपच्या नटला 3/8 इंच, इंचाला 24 आटे, आणि कॅलिपरच्या नव्या होजला (लवचिक नळीला) एम10, 1 मिमी पिच. दोन्ही व्यासात अर्ध्या मिमीचाही फरक नाही, त्यामुळे एक-दीड फेरा जातो, मग घट्ट होतो आणि वाटतं बसला. बसलेला नसतो, आटे खात असतो. हाताने पूर्ण फिरत नसेल तर पाना लावूच नका. होज कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर मात्र दर वेळी नवीन.

मास्टर सिलिंडरचं थोडं समजून घ्यावं लागतं. ड्रममध्ये फिरणारा ड्रमच लायनरला स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे थोड्या दाबात काम होतं. डिस्कला ती फुकटची मदत नाही, म्हणून कॅलिपरचा पिस्टन मोठा असतो, माझा 48 मिमीचा आहे आणि ड्रममधला जुना व्हील सिलिंडर 22 चा, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास पावणेपाच पट. पॅड झिजत जातील तसं ब्रेक ऑइल कॅलिपरमध्ये उतरत जातं आणि मास्टरवरची ड्रमच्या बाजूची टाकी बऱ्याचदा छोटी असते, तिच्यावर लक्ष ठेवा. शिवाय जुन्या मास्टरच्या मागच्या तोंडात ड्रमसाठी साधारण 10 पीएसआय दाब धरून ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. मास्टर उतरवला होता तेव्हाच मी तो काढून टाकला. तो राहिला तर पॅड रोटरवर कायम टेकून राहतात, हब तापतो, आणि माणूस बिचारा कॅलिपरला दोष देत बसतो.

पुढे-मागे दाबाची वाटणी करणारा कंपनीचा व्हॉल्व्ह ड्रमच्या हिशोबाने होता, तो मागच्या लाईनमधून काढून हाताने फिरवायचा लावला. दोन्ही एकापाठोपाठ एक ठेवू नका, मग काय चाललंय कळतच नाही. रिकाम्या मैदानात, कमी वेगात, मागे माल नसताना जोरात ब्रेक मारून बघायचं, मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक झाली तर दाब कमी करायचा, कारण आधी मागचं लॉक झालं की गाडी आडवी होते. मला चार-पाच वेळा फिरवायला लागला. हे जमत नसेल तर हा उद्योग करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तुमच्याकडे ब्रेकमध्ये असा बदल नियमात बसतो का तेही आधी विचारून घ्या.

एवढं करून गाडी कमी अंतरात थांबते का? कोरड्या रस्त्यावर मला तरी फरक जाणवला नाही, ब्रेक मारल्यावर वजन पुढे जातं आणि जास्त काम पुढचीच चाकं करतात. फरक पाण्यातून बाहेर आल्यावर कळतो. परवा पाऊण चाक पाण्यातून काढली, बाहेर येऊन पेडल दाबलं, दोन्ही बाजूंनी सारखं धरलं, स्टिअरिंग ओढलं नाही.

हँडब्रेकचं रडगाणं मात्र चालू आहे. प्लेटा फिरल्यामुळे केबलचं तोंड मागे झालंय, ती मोठा वळसा घेऊन पुढे येते आणि तिथे अर्धी ओढ खाते. सध्या उतारावर लावली की गियरमध्ये टाकून चाकाखाली दगड ठेवतो. नवीन केबल मापाने बनवायला टाकली आहे.