जिंकलेल्यांची कॅसेट

मे महिना लागला की न्यू जर्सीतल्या आमच्या रस्त्यावर दर शनिवारी कुठे ना कुठे गराज सेल असतो. बायको कुंड्या बघते, मी लोकांच्या घरातली अडगळ. परवा दुपारी अशाच एका घरासमोर उभा होतो. टोस्टर, लोकरीचे गुंडे, एका पायाने अधू झालेलं स्टूल, आणि टेबलाखाली खोक्यात व्हीएचएस कॅसेटी. त्यात निळ्या वेष्टनातली एक होती: न्यूयॉर्क जायंट्स, पंचविसाव्या सुपर बोलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या वार्षिक फायनलचे, विजेते. किंमत पन्नास सेंट. विकणाऱ्या आजोबांनी ती माझ्या हातात देताना आवर्जून सांगितलं, "रिवाइंड केलेली आहे हं." मग मी ती घेतलीच. कॅसेट रिवाइंड करून देणारा माणूस सज्जन असतो, असा माझा लहानपणापासूनचा समज आहे आणि तो बदलावा असं अजून काही घडलेलं नाही.

चिपळूणला आमच्या आळीच्या टोकाला व्हिडिओ लायब्ररी होती. मालकाने पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं, 'कॅसेट मागे फिरवून द्यावी, नपेक्षा दोन रुपये दंड'. रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने आणायचा, तीन पिक्चर बघायचे, आणि पहाटे तिसरा संपला की सगळे आडवे झालेले असताना कुणीतरी एकाने ते दोन रुपये वाचवण्यासाठी घर्र घर्र ऐकत बसायचं. आमच्याकडे तो मी असे.

आमच्या तळघरात टीव्ही आणि व्हीसीआर एकत्र असलेला एक ठोकळा अजून आहे. फुनाई ही जपानी कंपनी व्हीसीआर बनवणारी शेवटची. तिनेही २०१६च्या जुलैत उत्पादन थांबवलं. म्हणजे आता हा ठोकळा बिघडला की संपलं. याच कारणासाठी बायको तो टाकून दे म्हणते आणि याच कारणासाठी मी टाकत नाही.

कॅसेट लावली. आधी नक्कल केल्यास तुरुंगात टाकू अशी सरकारी धमकी, मग ढोल, मग पितळी वाद्यांचा गजर. पडद्यावर संथ गतीत गिरक्या घेत येणारा चेंडू, खेळाडूंच्या तोंडातून निघणारी वाफ, बोटांना गुंडाळलेल्या मळक्या पट्ट्या. अमेरिकन फुटबॉल मला आजही अर्धाच कळतो. ऑफिसात सुपर बोलच्या आधी पैजेसाठी चौकोनांचा कागद फिरतो, त्यावर नाव घालण्याइतपत. पण या कॅसेटी बघायला खेळ कळावा लागत नाही. त्या बनवणारे लोक इथेच, माउंट लॉरेलला बसतात. एनएफएल फिल्म्स. एनएफएल ही या खेळाची व्यावसायिक लीग.

हे प्रकरण सुरू केलं एड सेबल नावाच्या माणसाने. सासऱ्याच्या धंद्यात ओव्हरकोट विकायचा आणि त्यात त्याचं मन रमत नव्हतं. लग्नात भेट मिळालेल्या किल्लीच्या कॅमेऱ्याने तो मुलाच्या शाळेतल्या मॅचेस चित्रित करायचा. १९६२ साली त्याने थेट व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याच्या चित्रीकरणाचे हक्क मागितले आणि तीन हजार डॉलर मोजून मिळवले. सामना न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये, डिसेंबरच्या अखेरीला. थंडी अशी की कॅमेरे गोठले. तरी त्यातून निघालेली फिल्म लीगच्या अध्यक्षांना इतकी आवडली की दोनतीन वर्षांत अख्खी कंपनीच लीगने आपल्या पंखाखाली घेतली. सासऱ्याला काय वाटलं ते कुठे वाचनात आलं नाही.

या फिल्मांचं मर्म मात्र निवेदनात आहे. सुरुवातीला तो आवाज जॉन फसेंडा या फिलाडेल्फियाच्या बातम्या देणाऱ्या गृहस्थांचा होता. देवच बोलतोय असं लोक म्हणत. फसेंडा १९८४ मध्ये गेले, पण त्यांची ढब राहिली. माझ्या कॅसेटवरच्या आवाजालाही जानेवारीत काय होणार आहे हे सप्टेंबरच्या पहिल्या सामन्यापासून ठाऊक असतं. डिसेंबरात जायंट्सचा मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे हल्ल्याची सूत्रं हलवणारा खेळाडू, फिल सिम्स जायबंदी होतो. त्या दिवशी स्टेडियममध्ये बसलेल्यांच्या पोटात गोळा आला असेल. कॅसेटमध्ये मात्र ती पुढच्या विजयाची तयारी असते. राखीव खेळाडू जेफ हॉस्टेटलर मैदानात येतो तो जणू त्यासाठीच इतकी वर्षं बाकावर बसवून ठेवला होता. कीर्तनाला बसणाऱ्यांना रावण मरणार हे माहीत असतंच, तरी लक्ष्मणाला शक्ती लागते तेव्हा हात जोडले जातात, तसंच.

पण कीर्तनात रावणाची बाजूही थोडी येते. इथे तेवढंही नाही. फायनलनंतर काही आठवड्यांत विजेत्यांची कॅसेट बाजारात यायची, हरलेल्यांच्या नावाने तशी निघत नसे. टी-शर्टांचं निदान असं आहे की 'विजेते' असं दोन्ही संघांच्या नावाने आधीच छापून ठेवतात, मॅच संपली की एक ढीग मैदानात उधळतात आणि दुसरा खोक्यांत भरून संस्थांमार्फत दूरदेशी गरिबांना पाठवतात. त्यामुळे जगात कुठेतरी कुणी तरी बफेलो जिंकल्याचा शर्ट घालून शेतात जात असेल. कॅसेटला तीही सोय नव्हती.

हरलेल्या मॅचची कॅसेट मी एकच पाहिली आहे. माझ्या मामाची.

मामा दुबईला होता. १९८६ च्या मेमध्ये तो सुट्टीवर आला तेव्हा आळीतला पहिला स्वतःच्या मालकीचा व्हीसीआर घेऊन आला, आणि त्याबरोबर चार तासांची एक कॅसेट. तीवर शारजाची भारत-पाकिस्तान फायनल होती. तीच. एप्रिलमधली. पाकिस्तानची बॅटिंग त्याने घरी टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली. आपण २४५ केल्यात, कॅसेट जपून ठेवण्यासारखी होणार, या खात्रीने त्याने मॅच चालू असतानाच मागची ती प्लास्टिकची चिमुकली खिटी मोडून टाकायची म्हणून पेन्सिल हाताशी ठेवली होती. खिटी मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. ती मोडायची राहिली.

शेवटच्या बॉलवर मियाँदादने सिक्सर मारली, हे ती मॅच बघणाऱ्यांना सांगायची गरज नाही. तरीही मामा ती कॅसेट लावायचा. दुपारची जेवणं झाली की पंख्याखाली चटई, कोऱ्या नोटेने पुसलेलं हेड, ट्रॅकिंगचं बटण फिरवून फिरवून नीट केलेलं चित्र. विकेट पडली की मामा मांडीवर थाप मारायचा, जणू आत्ताच पडली. मियाँदाद पुढे सरसावला की शिव्या द्यायचा, मामी आतून "मुलं आहेत" म्हणायची. आणि एकोणपन्नासावी ओव्हर संपली की उठून व्हीसीआर बंद करायचा.

"मामा, एक ओव्हर राहिली."

"राहू दे. इथपर्यंत आपण जिंकतोय."

मी तेव्हा दहाबारा वर्षांचा असेन. मला हे लबाडीचं वाटायचं. एकदा तो बाजारात गेलेला असताना मी एकट्याने शेवटची ओव्हर लावून पाहिली, आणि मजा अशी की तेवढ्या भागाचं चित्र लख्ख होतं. आधीची सगळी फीत वापरून वापरून मुंग्यामुंग्यांची झालेली. पुढच्या वर्षी मामा परत आला तेव्हा त्याने त्याचाही बंदोबस्त केला. ती खिटी शाबूत होतीच. शेवटच्या ओव्हरवर त्याने दूरदर्शनच्या मराठी बातम्या रेकॉर्ड केल्या. तेव्हापासून आमच्याकडे ती मॅच अशी चालायची: अकरा रन हव्यात, चेतन शर्मा बॉल हातात घेतो, आणि लगेच राज्यात पावसाने ओढ दिल्याची बातमी.

माउंट लॉरेलवाल्यांकडे वाद्यवृंद आहे, एमीची बक्षिसं आहेत. काम तेच.

खरं तर कॅसेट उरते हेच विशेष. पहिला सुपर बोल १५ जानेवारी १९६७ ला लॉस एंजेलिसला झाला. ग्रीन बे पॅकर्सनी कॅन्सस सिटीला ३५–१० असं हरवलं. तो एकाच वेळी दोन वाहिन्यांनी दाखवला आणि दोघींनीही टेप पुसून त्यावर दुसरं काहीतरी घेतलं, कारण तेव्हा टेप महाग होती. पेनसिल्व्हेनियात एका माणसाने ती मॅच कामाच्या ठिकाणच्या भल्या मोठ्या यंत्रावर रेकॉर्ड केली, जाहिराती लागल्या की थांबवत, मध्यंतर आणि तिसऱ्या क्वार्टरमधला बराच भाग गाळून. ती रिळं पुढे कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होती. न्यूयॉर्कच्या पेली सेंटरने ती दुरुस्त करून घेतली, पण ती सर्वांना दाखवता येत नाहीत. टेप त्या माणसाच्या घरच्यांची आणि त्यातला खेळ लीगचा. लीगने शेवटी २०१६ मध्ये आपल्याकडच्या फिल्मांचे तुकडे जोडून जोडून स्वतःचा पहिला सुपर बोल तयार केला.

आपल्याकडे तेवढे तुकडेही नाहीत. १९८३च्या वर्ल्ड कपात इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सला कपिल देवने १७५ काढल्या तेव्हा कॅमेराच नव्हता. माझे वडील ती इनिंग आम्हाला सांगायचे. त्यांनीही पाहिलेली नव्हती, पण १७ वर ५ पासून सुरू करायचे आणि दरवर्षी एखादी सिक्सर वाढायची. कॅमेरा असता तर वडिलांचा आवाज कुणी ऐकला नसता, हे मला तळघरात बसल्या बसल्या वाटून गेलं. बरोबर आहे की नाही कोण जाणे.

असो. कॅसेट आता फायनलवर आली होती. २७ जानेवारी १९९१, टँपा. जायंट्स विरुद्ध बफेलो बिल्स. प्रेक्षकांत जिकडेतिकडे छोटे झेंडे दिसतात, प्रत्येक खुर्चीवर एकेक ठेवला होता. आखातात लढाई सुरू होऊन दहा दिवस झाले होते. व्हिटनी ह्यूस्टनने गायलेलं राष्ट्रगीत लोकांना इतकं भिडलं की त्याचंही रेकॉर्डिंग लगोलग विक्रीला आलं. त्याच दिवसांत चिपळूणला आम्ही एसटीडी बूथवर रांग लावून मामाला फोन लावत होतो. "दुबई लांब आहे गं त्या सगळ्यापासून," असं तो आजीला ओरडून सांगायचा. आजीला नकाशा दाखवला तर तिने बोटाने अंतर मोजलं आणि म्हणाली, "वीतभर पण नाही." झेंडे हलवणारी ती माणसं आणि आमची बूथवरची रांग एकाच आठवड्यातली आहेत हे कॅसेट बघेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यानंतरचा बराच वेळ मी मॅच बघत होतो पण दिसत नव्हती.

जायंट्सचा बेत साधा होता. बफेलोचा हल्ला घातक, तर चेंडू त्यांच्या हाती लागूच द्यायचा नाही. साठ मिनिटांच्या खेळातली चाळीसहून अधिक मिनिटं त्यांनी तो स्वतःकडे ठेवला. तरी शेवटी जायंट्स फक्त २०–१९ ने पुढे. आठ सेकंद उरलेली, आणि बफेलोचा स्कॉट नॉरवूड ४७ यार्डांवरून किक मारायला उभा. दोन खांबांच्या मधून गेली तर बफेलो विश्वविजेते. चेंडू उंच गेला, लांबही गेला, आणि उजव्या खांबाच्या बाहेरून गेला. वाद्यवृंदाचा कल्लोळ. जायंट्सचे पांढरे शर्ट एकमेकांच्या अंगावर. नॉरवूड दोन सेकंद दिसतो, मान खाली, आणि कॅमेरा त्याला सोडून देतो. कॅसेट त्याची नव्हेच.

दुसऱ्या दिवशी संघ बफेलोला परतला तेव्हा नायगरा चौकात हजारो लोक थंडीत उभे होते. भाषणं चालू असताना त्यांनी नॉरवूडच्या नावाचा घोष सुरू केला आणि तो पुढे येईपर्यंत थांबवला नाही. तो आला. त्याला नीट बोलता येईना.

माझ्या ऑफिसात बफेलोचा एक सहकारी आहे. सोमवारी डबा खाताना मी त्याला कॅसेटचं सांगितलं. त्याने सॅलड खाणं थांबवलं. बिल्स त्यानंतरच्या तिन्ही वर्षी फायनलला गेले आणि तिन्ही वेळा हरले, म्हणजे ओळीने चार. चारही मॅचेस त्याच्या वडिलांनी घरी रेकॉर्ड केल्या होत्या, जाहिरातींसकट. कॅसेटींच्या पाठीवर फक्त साल लिहिलेलं, निकाल नाही.

"बघता का कधी?" मी विचारलं.

"पहिली बघतो. दर जानेवारीत."

"शेवटपर्यंत?"

"अर्थात." मामाचा प्रकार मी त्याला सांगितला, पण तो हसला नाही. किक उजवीकडे जाते ती बघायलाच तो बसतो म्हणे, कारण वडील त्या क्षणी काही बोलायचे नाहीत, उठून अंगणातला बर्फ काढायला जायचे. वडिलांनी एक कोरी कॅसेट जिंकलेल्या वर्षासाठी राखून ठेवली होती, ती अजून वेष्टनात आहे. बिल्स अजून जिंकलेले नाहीत. मी त्याला म्हटलं, वेळ आली तर व्हीसीआर माझ्याकडे आहे. तो म्हणाला, बघू.