पटावरच्या दाण्यांची संख्या खडूने कशी फोडायची?

“सर, कॅल्क्युलेटरवर न मावणारी संख्या तुम्ही फळ्यावर कशी फोडता?” हे मला मुलांपेक्षा पालक जास्त विचारतात. सांगली पडलं बुद्धिबळाचं गाव, बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांचं. त्यामुळे पहिल्या घरात एक दाणा, पुढे दरवेळी दुप्पट, ही राजाची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ. ६४ घरांची बेरीज होते २ चा ६४वा घात वजा १, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१६१५. तेवढा गहू किती पोती, हा हिशेब मार्केट यार्डवाल्यांनी करावा. मला त्यात रस नाही.

फोडायला, म्हणजे लहान संख्यांच्या गुणाकारात मांडायला, आठवी-नववीचं सूत्र पुरतं: अ वर्ग वजा ब वर्ग. ६४ सम आहे, म्हणून संख्येचे दोन तुकडे पडतात: २ चा ३२वा घात अधिक १, आणि तोच घात वजा १. वजावाला तुकडा पुन्हा तसाच फुटतो. १६, ८, ४, २, १ असं खाली येत शेवटी हाती राहतात ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७.

पहिल्या पाच मूळ संख्या. सहावीही मूळच असणार, असं फ्रेंच गणिती फर्माला वाटलं होतं. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने तिला ६४१ ने भागून दाखवलं. तो अंधारात चाचपडत नव्हता. हिला जिने भाग जातो ती मूळ संख्या ६४ ने भागल्यावर बाकी १ देणारीच हवी. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१!

भागाकारसुद्धा करावा लागत नाही. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १. आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. पहिल्यावरून, ५ गुणिले १२८ ला ६४१ ने भागलं की बाकी उणे १, म्हणजे पूर्ण भाग जायला एक कमी पडतो. चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८वा घात, बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी उणे १६ ठेवा. म्हणजे उणे २ चा ३२वा घात, बाकी १. त्यात तोच घात मिळवला की कळतं, २ चा ३२वा घात अधिक १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. मागे राहते ६७००४१७, तीही मूळ. इतकी देखणी सिद्धता शाळेच्या पुस्तकात का नसावी, कोण जाणे.

तेव्हा संख्या मोठी आहे म्हणून घाबरायचं कारण नाही; तिची घडण बघायची. पट ६७ घरांचा असता तर बेरीज जेमतेम आठपट झाली असती, पण ६७ विषम, वर मूळ. हे सूत्र तिथे हात टेकतं. ती बेरीज, म्हणजे २ चा ६७वा घात वजा १, मूळ नाही हे ल्युकासने १८७६ मध्ये सिद्ध केलं, तरी अवयव सापडेनात. ते कोलने १९०३ मध्ये दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. गुणून बघा, रविवारची सकाळ बरी जाईल.