गुळवेल म्हणून आम्ही काय प्यायलो कुणास ठाऊक

लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे रोज सकाळी काढा व्हायचा. आलं, मिरी, दालचिनी, तुळस आणि बोटभर गुळवेल ठेचून. फॅमिली ग्रुपवर सगळेच पीत होते, मग आपण कसं मागे राहायचं. वेल नर्सरीतून आणलेली, कुंडीवर खडूने 'गुळवेल' लिहिलेलं होतं, विषय संपला.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या बिल्डिंगमधले सर आमची गच्ची बघायला आले. आयुर्वेद कॉलेजात द्रव्यगुण, म्हणजे औषधी वनस्पतींचा विषय, शिकवून रिटायर झालेले. मी आपली कौतुकाने अडुळसा दाखव, पानओवा दाखव, शतावरी दाखव असं चाललेलं, आणि सर मात्र त्या वेलीपाशी थांबले. खोडावरून अंगठा फिरवला, मग मला म्हणाले तुम्ही फिरवा. सगळ्या खोडावर बारीक बारीक चामखिळी असतात तशा गाठी. चार वर्षं रोज पाणी घालते पण हात लावून कधी बघितलं नव्हतं! सरांनी नखाने टोचलं तर पांढरट चीक आला.

"ही पिता तुम्ही?"

"प्यायचो... आता नाही."

मग सर तिथेच पाटावर बसले आणि क्लास सुरू झाला. औषधातली गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, आणि ही बहुतेक तिची बहीण, टिनोस्पोरा क्रिस्पा. पान दोघींचं पत्त्यातल्या बदामासारखं, त्यामुळे नुसत्या पानावर जाऊन लोक फसतात. खऱ्या गुळवेलीला अशा गाठी नाहीत, दुधासारखा चीक नाही, वरची साल कागदासारखी पातळ, सोलली की आत हिरवंगार. मी लगेच माझं व्हिडिओवालं ज्ञान काढलं, की आडवं कापल्यावर आत चक्र दिसतं ना? सर हसले. चक्र दोघींत दिसतं म्हणाले.

2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटच्या लिव्हरला त्रास झाल्याचं छापलं होतं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं की वनस्पती नीट ओळखली होती का ते आधी बघा. सरांना विचारलं तुम्ही कुणाच्या बाजूने, तर म्हणाले दोघांचंही ऐकायचं, खरी गुळवेलसुद्धा सरसकट कुणीही महिनोन्महिने प्यायची गोष्ट नाही, शुगरची गोळी चालू असेल तर शुगर आणखी खाली जाऊ शकते, लिव्हरचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातच लावायचा नाही. आमच्या अहोंना शुगरची गोळी आहे. मी गप्प.

दिवाळीनंतर कर्जतकडे एका ठाकरवाडीत जाणं झालं. तिथल्या एका आजींना मी हुशारी करत फांदीवरची वेल दाखवली, ही गुळवेल ना? आजींनी पान तोडून त्याची पाठ माझ्या गालाला लावली. मखमलीसारखी लव! "ही नाय घेत आमी." मग पलीकडच्या कडुनिंबावर नेलं, वरून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबत होती, तिचं पान दोन्हीकडून गुळगुळीत. सरांनी खोड चाचपलं, आजींनी पान. आधी ही कोण ते बघायचं, काढ्याचं नंतर.

आजी सत्त्व पण काढतात. जाड खोड ठेचून रात्रभर पाण्यात, सकाळी कुस्करून गाळायचं, पाणी हलू न देता ठेवायचं, तळाला खडूसारखा पांढरा थर बसतो, वरचं पाणी ओतून तो वाळवायचा. पाटीभर खोडाचं मूठभरही होत नाही म्हणाल्या. आणि आम्ही बाजारात डबीच्या किमतीवरून घासाघीस करतो.

येताना आजींनी वीतभर तुकडा दिला, कुंडीत खोच म्हणाल्या. मी घरी आले, पिशवी खिडकीच्या खिळ्याला अडकवली आणि विसरले. पंधरा दिवसांनी बघते तर पिशवीतच कोंब! सरांना फोटो पाठवला. उत्तर एका शब्दाचं: छिन्नरुहा. म्हणजे कापली तरी उगवणारी, गुळवेलीचं संस्कृत नाव.

आता ती मोठ्या कुंडीत आहे, सरांनी येऊन खोड चाचपून पास केलीय. जुनी गेटच्या जाळीवर चढवलीय, दिसायला छान आहे बिचारी, फक्त तिच्यावर मोठ्या अक्षरात पाटी लावलीय, 'काढ्यासाठी नाही', कारण सोसायटीतल्या दोन काकू सकाळी फिरायला येतात तेव्हा त्यांच्या हातात कात्री असते.