चुका पोटात घालणारी आयर्न्स कशी पारखावीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. नागपुरात सकाळचा खेळ आटोपून चहाला बसले, की पन्नाशीनंतर गोल्फकडे वळलेले डॉक्टर, वकील किंवा नुकतेच निवृत्त झालेले अधिकारी मला एक प्रश्न हमखास विचारतात : "आमच्यासारख्या साधारण खेळाडूने सेट घ्यायचा, तर चुका सांभाळून घेणारी आयर्न्स ओळखायची कशी?" आयर्न म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याचा, नंबर कोरलेला क्लब, अर्थात गोल्फची काठी. माझे उत्तर असे, की आयर्नची परीक्षा त्याच्या सर्वोत्तम फटक्यावरून करू नये. तुमचा नेहमीचा बिघडलेला फटका त्या आयर्नने कुठे जाऊन पडतो ते पाहावे, आणि ते ज्या मातीवर तुम्ही खेळणार आहात त्याच मातीवर पाहावे.

चेंडू फेसच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूच्या, मध्याऐवजी टोकाकडे किंवा टाचेकडे (दांड्याजवळच्या भागाकडे) लागला, की क्लबचे डोके हातात किंचित फिरते, चेंडूचा वेग घटतो आणि दिशाही बदलते. जुन्या ब्लेडमध्ये, म्हणजे पातळ, भरीव पाठीच्या आयर्नमध्ये, धातू मध्याभोवती एकवटलेला असल्याने हे फिरणे जास्त होते. पिंग कंपनीचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम हे मुळात अभियंता होते. त्यांनी आधी पटरमध्ये (चेंडू हलकेच भोकाकडे ढकलण्याच्या क्लबमध्ये) आणि नंतर आयर्नमध्ये धातू मध्यातून काढून कडांकडे नेला, त्यामुळे डोके फिरण्यास अधिक विरोध करू लागले. 1982 साली आलेल्या त्यांच्या 'आय टू' आयर्न्सनी ही रचना घराघरांत पोहोचवली, आणि आज ज्याला आपण कॅव्हिटी बॅक, म्हणजे खोलगट पाठीचे आयर्न, म्हणतो त्या सर्वांच्या मुळाशी हाच विचार आहे.

परंतु साधारण खेळाडूची चूक केवळ आडवी नसते. माझ्या पाहण्यात बहुतेकांचा चेंडू फेसच्या खालच्या भागाला लागतो, किंवा क्लब चेंडूच्या आधी जमिनीत घुसतो. पहिल्या चुकीवर गुरुत्वमध्य खाली असलेले डोके उपयोगी पडते, दुसरीवर रुंद सोल (डोक्याचा तळ) आणि पुरेसा बाउन्स (कड जमिनीत घुसू न देणारा तळाचा कोन). मागे सरकवलेला फेस, म्हणजे ऑफसेट, उजवीकडे वळणाऱ्या चेंडूला थोडी मदत करतो, पण स्विंगमध्ये फेस फार उघडा राहत असेल तर कोणतेही आयर्न तो दोष लपवू शकत नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपली चूक कोणती, हे माहीत असणे मला अत्यावश्यक वाटते. त्यासाठी खर्च करावा लागत नाही. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूवर ठिपका काढावा, ठिपका फेसच्या बाजूला ठेवून मारावे आणि फेसवर तो कुठे उमटला ते पाहावे. ठिपक्याऐवजी उभी रेघ काढली आणि ती फेसवरील खाचांना काटकोनात उमटली, तर लाय अँगलही (जमिनीवर टेकलेल्या क्लबच्या दांड्याचा कोन) तुम्हाला जुळतो असे समजावे. रेघ तिरकी पडत असेल, तर नीट लागलेला चेंडूसुद्धा डावी-उजवीकडे जात राहील आणि दोष उगाच स्विंगवर येईल.

खरेदीच्या वेळी सर्वांत जास्त दिशाभूल करतो तो लांबीचा आकडा. सात नंबरचे आयर्न हाती देऊन "बघा, जुन्यापेक्षा पंधरा यार्ड जास्त गेला" असे सांगितले, की माणूस खूश होतो. पण सात हा आकडा केवळ कोरलेला असतो, लॉफ्ट, म्हणजे फेस मागे झुकल्याचे कोन, वेगळे असतात. पिंग जी 430 च्या सात नंबरचा लॉफ्ट 29 अंश आहे, तर टायटलिस्ट टी 100 च्या सात नंबरचा 34 अंश. एका नंबरमागे साधारण चार अंशांचा फरक धरला, तर पहिले आयर्न प्रत्यक्षात दुसऱ्याच्या सहा नंबराइतके आहे. त्यात गैर काही नाही, कारण खालच्या गुरुत्वमध्यामुळे चेंडू तरीही उंच उठतो. मात्र तो कमी फिरकी घेऊन उतरतो, आणि उन्हाळ्यात कडक झालेल्या ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) तो थांबेल की पलीकडे घरंगळेल, हा प्रश्न लांबीपेक्षा मोठा आहे. सात नंबरचा चेंडू 45 अंशांच्या आसपास किंवा त्याहून उभा उतरावा, ही मोजमाप करणाऱ्यांमध्ये मान्य असलेली कसोटी मला योग्य वाटते.

आता मातीविषयी, कारण इथेच नागपूरकरांची सर्वाधिक फसगत होते. मुंबई-पुण्याला कामानिमित्त गेलेला माणूस तिथल्या वातानुकूलित दुकानात कृत्रिम गवताच्या मॅटवरून चेंडू मारतो आणि त्या आकड्यांवर सेट घेऊन येतो. मॅटवर क्लब चेंडूआधी टेकला तरी तो घसरत पुढे जातो आणि फटका चांगला भासतो. म्हणजे ज्या चुकीसाठी रुंद सोल हवा, ती चूकच मॅट झाकून टाकते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये काळी माती मऊ आणि चिकट होते, तेव्हा रुंद सोल क्लबला रुतू देत नाही आणि त्याचे मोल कळते. मे महिन्यात तीच माती, पाणी न पोहोचलेल्या भागात, विटेसारखी घट्ट होते. तिथे फार रुंद, जास्त बाउन्सचा सोल आपटून उसळतो आणि खालची कड चेंडूच्या पोटात लागते. त्यामुळे वर्षभर खेळणाऱ्याला मी मध्यम रुंदीचा, मागची कड थोडी घासलेला सोल सुचवतो, आणि केवळ पावसाळा-हिवाळ्यात खेळणाऱ्याला निःशंकपणे रुंद.

शक्य असल्यास मनात असलेले दोन सेट उसने घेऊन एकाच सकाळी, एकाच जातीच्या चेंडूंनी, गवतावरून मारून पाहावेत. एकाच सकाळी अशासाठी, की गरम हवा विरळ असते आणि तीत चेंडू लांब जातो. जानेवारीतल्या आयर्नची मेमधल्या आयर्नशी तुलना करण्यात अर्थ नाही. प्रत्येक सेटमधील सर्वांत लांब गेलेले चेंडू बाजूला काढावेत आणि उरलेल्यांत सर्वांत पुढचा व सर्वांत मागचा यांतील अंतर पाहावे. ज्या आयर्नमध्ये हे अंतर कमी, ते तुमचे, मग दुसऱ्याने कितीही लांब मारलेले असो. पातळ, स्प्रिंगसारख्या फेसची काही आयर्न्स मध्यावर लागल्यास अचानक दहा-बारा यार्ड जास्त नेतात. ग्रीनच्या मागे बंकर (वाळूचा खड्डा) असेल तर ते बक्षीस नसून शिक्षा ठरते.

शाफ्टबद्दल, म्हणजे क्लबच्या दांड्याबद्दल, थोडक्यात सांगतो. सामान्य स्टीलचे शाफ्ट साधारण 95 ते 130 ग्रॅमचे असतात, ग्रॅफाइटचे बहुधा 50 ते 80 ग्रॅमचे. एप्रिलच्या उन्हात शेवटच्या काही होलवर हात जड होणाऱ्याने ग्रॅफाइट वापरून पाहण्यात कमीपणा मानू नये.

शेवटी पिशवीचा हिशेब करावा, कारण नियमाने 14 च क्लब नेता येतात. लॉफ्ट कमी झालेल्या सेटमध्ये पिचिंग वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) 41 ते 44 अंशांचा असतो, आणि तुमचा जुना सँड वेज (वाळूतून मारण्याचा) 56 चा असेल, तर मध्ये जवळजवळ शंभर यार्डांच्या आतला मोठा पट्टा रिकामा राहतो. तो 48-50 अंशांच्या वेजने भरावा, आणि त्यासाठी जागा हवी असेल तर चार नंबरचे आयर्न सेटसोबत घेऊच नये. साधारण वेगाच्या स्विंगला ते उंच उठत नाही. त्या अंतराला हायब्रिड, म्हणजे आयर्नपेक्षा जाड डोक्याचा क्लब, अधिक भरवशाचा असतो.