प्रिपोझिशनची वही: ‘विथ’ आटोपला, ‘ओव्हर’ अर्ध्यावर

या खेपेला वहीची मांडणी बदलली. आधी एका पानावर एक प्रिपोझिशन आणि खाली शब्दकोशातले अर्थ क्रमांक घालून, असं चालायचं. ‘ओव्हर’सारखा शब्द आला की पान पुरायचं नाही, आणि इतके अर्थ लिहूनही पुढचं वाक्य कोणत्या क्रमांकात बसवायचं ते कळायचं नाही. आता वाक्य उतरवून शेजारी एकच प्रश्न लिहिते: हा अर्थ प्रिपोझिशनचा स्वतःचा, की शेजारच्या क्रियापदाने किंवा नामाने आणून दिलेला? वाक्यं मुद्दाम रचलेली घेत नाही. क्रिकेटची कॉमेंटरी, औषधाच्या खोक्यातला कागद, इंग्रजी पेपर, इतिहासाची पुस्तकं, जिथे सापडेल तिथून.

‘विथ’चं पान या प्रश्नाने झटकन उलगडलं. भाकरी कुणी ‘विथ पिठलं’ खातं, कुणी ‘विथ अ फ्रेंड’ खातं, खिचडी ‘विथ अ स्पून’ खातं, आणि सगळंच ‘विथ रेलिश’, म्हणजे मिटक्या मारत, खाता येतं. इंग्रजीत चारही ठिकाणी तोच शब्द. आपण मात्र विचारतो: कशाशी खाल्ली, कोणाबरोबर खाल्ली, कशाने खाल्ली, कशी खाल्ली. इंग्रजी वाचणारा अडखळत नाही, कारण चमचा हे साधन आहे आणि मैत्रीण नाही, हे त्याला आधीच ठाऊक असतं. म्हणजे इथे काम नामच करतं; ‘विथ’ नुसता दोघांना जवळ आणून उभा करतो.

नामावर विसंबून चालत नाही तिथे खरी गंमत. ‘द मराठाज फॉट विथ द ब्रिटिश’ हे वाक्य घ्या. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धासाठी (१७७५–८२) ते खरं आहे, आणि १७९०–९२ मध्ये टिपूविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने मराठे उतरले, त्यासाठीही खरं आहे. एकदा इंग्रजांशी लढले, एकदा इंग्रजांबरोबर लढले. मराठीला इथे पक्ष निवडावाच लागतो, इंग्रजी वाक्य निवडायचं टाळू शकतं. याचं मूळ जुनं आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मुख्य रोख ‘विरुद्ध, समोर’ असा होता. ‘सोबत’साठी ‘मिड’ हा वेगळा शब्द होता, जर्मनमधल्या ‘मिट’चा भाऊ. पुढे ‘विथ’ने ‘मिड’ची जागा बळकावली. ‘मिड’ उरला तो ‘मिडवाइफ’मध्ये, म्हणजे बाईच्या सोबत असणारी. आणि ‘विथ’चा जुना विरोध ‘विदस्टँड’मध्ये अजून जिवंत आहे.

दुसरं पान ‘बाय’चं. त्याला ‘विथ’शेजारीच ठेवलं, कारण मराठीत दोघांच्याही वाट्याला बऱ्याचदा ‘ने’ येतो. ‘किल्ड बाय अ स्टोन’ म्हटलं तर दरड कोसळली असेल. ‘किल्ड विथ अ स्टोन’ म्हटलं की दगड कुणाच्या तरी हातात होता. आपल्याकडे दोन्हींकडे दगडानेच, पण एकदा ‘दगडाने मेला’ आणि एकदा ‘दगडाने मारलं’. इंग्रजीने फरक प्रिपोझिशनमध्ये ठेवला, आपण तो क्रियापदात ठेवला. हे दिसल्यावर मी ‘ने’ची पानं पुन्हा चाळली: तापाने फणफणला, मागच्या रस्त्याने आला, चार दिवसांनी भेटला. शाळेत या सगळ्याला तृतीया म्हणून एका झटक्यात बाजूला सारलं होतं. ‘विथ’वर हसणाऱ्यांनी आधी आपला ‘ने’ बघावा.

‘बाय’ आणि ‘अनटिल’चाही हाच हिशोब. ‘शुक्रवारपर्यंत पुस्तक ठेव’ आणि ‘शुक्रवारपर्यंत पुस्तक परत कर’. ‘पर्यंत’ तोच, पण ठेवणं चालू राहतं आणि परत करणं एकदाच घडतं, त्यामुळे आपला गोंधळ होत नाही. इंग्रजीत पहिल्याला ‘अनटिल’, दुसऱ्याला ‘बाय’. ‘सबमिट टिल फ्रायडे’ असं ऑफिसात सर्रास लिहिलं जातं ते यामुळेच. लिहिणाऱ्याच्या मनात ‘पर्यंत’ असतो. ‘पासून’चं तेच: सोमवारपासून म्हणजे ‘सिन्स’, दोन तासांपासून म्हणजे ‘फॉर’. इथे मात्र निवाडा नाम करतं, क्रियापद नाही.

आता ‘ओव्हर’. या एका शब्दावर भाषाशास्त्रज्ञ क्लॉडिया ब्रुगमन यांनी १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात एम. ए.चा प्रबंध लिहिला, आणि भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ यांनी १९८७ मध्ये ते काम पुढे नेलं. वरची वस्तू खालच्या वस्तूला टेकलेली आहे का, खालची वस्तू पसरट आहे की उंच, अशा प्रत्येक फरकाला त्यांनी वेगळा कप्पा, म्हणजे शब्दाचा वेगळा अर्थ, दिला. २००३ मध्ये आंद्रेआ टायलर आणि व्हिव्हियन एव्हन्स या भाषाशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला: संदर्भावरून जे समजतं ते शब्दाच्या खाती का जमा करायचं? टेबलावर दिवा टांगलेला असो की टेबलक्लॉथ पसरलेला, दोन्हीकडे ‘ओव्हर द टेबल’. कापड टेकतं हे आपल्याला कापडामुळे कळतं. माझं मत टायलर-एव्हन्स यांच्या बाजूला झुकतं, कप्पे कमी झाले म्हणून नव्हे, तर चाचणी हातात आली म्हणून: शेजारच्या शब्दांनी न दिलेला अर्थच ‘ओव्हर’चा.

ती चाचणी लावून पाहिली. ‘जंप्ड ओव्हर द वॉल’ मधली कमान उडीने दिलेली, तेव्हा वेगळा कप्पा नाही. मराठीत इथे ‘वर’ जाऊन ‘वरून’ येतं, म्हणजे जाण्याची वाट आपण प्रत्ययात बांधतो. पण ‘द हाउस ओव्हर द हिल’ म्हणजे टेकडीपलीकडचं घर. घर हलत नाही, क्रियापदही नाही, तरी ‘पलीकडे’ हा अर्थ आहे. तो दुसऱ्या कुणी दिलेला नाही, तेव्हा तो ‘ओव्हर’चाच. कप्पा मंजूर.

क्रिकेटवाल्यांसाठी: ‘ओव्हर द विकेट’ म्हणजे बॉलरचा चेंडू टाकणारा हात स्टंपच्या बाजूला, हात बाहेरच्या बाजूला असला की ‘राउंड द विकेट’. सहा चेंडूंची ‘ओव्हर’ वेगळी. ती बाजू बदलताना अंपायर जो ‘ओव्हर’ पुकारायचा त्यावरून आली. इंग्लंडमध्ये ती आधी चार चेंडूंची होती, १८८९ मध्ये पाचांची झाली आणि १९०० मध्ये सहांची.

अनपेक्षित सापडलं ते हे: ‘ओव्हर अ हंड्रेड’ला आपण ‘शंभराच्या वर’ म्हणतो, ‘फाइट ओव्हर लँड’ला ‘जमिनीवरून भांडण’, ‘ओव्हर द फोन’ला ‘फोनवर’. पहिल्या दोन ठिकाणी तरी कुणी कुणाचं उचललंय असं वाटत नाही. फोनचं सांगवत नाही. ‘द मॅच इज ओव्हर’ला मात्र आपल्या ‘वर’कडे जोड नाही, आणि ‘ओव्हर लंच’ वेळ सांगतो की निमित्त, हे ठरत नाही म्हणून ते वाक्य तूर्त पेन्सिलने लिहिलंय.

पुढचं पान ‘ऑफ’चं. देवनागरीत ‘बँक ऑफ महाराष्ट्र’ आणि ‘स्विच ऑफ’ यांत काही फरक दिसत नाही, आणि खरं तर इंग्रजीतही हे दोन एकाच शब्दाचे तुकडे. जोर देऊन उच्चारलेला एक झाला, जोर न दिलेला दुसरा, आणि स्पेलिंगची वाटणी सतराव्या शतकाच्या सुमारास पक्की झाली. ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे वाजायला लागला, ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे गेले. सुरुवात या जोडीपासून करणार आहे.